दसऱ्याचं ऑइल

शेषेरावांच्या ट्रॅक्टरचं इंजिन बावीस वर्षांत एकदाही उघडलेलं नाही. मुखेड तालुक्यातल्या बऱ्याच लोकांना ही गोष्ट ठाऊक आहे, कारण शेषेराव ती स्वतःच सांगतात. एरवी माणूस अबोल. लग्नाला गेले तर मांडवाच्या कडेची खुर्ची धरतील, कुणी विचारलं तर पाऊसपाण्यावर दोन शब्द बोलतील आणि पुन्हा गप्प. पण ट्रॅक्टरचा विषय निघाला, की त्यांच्या पाठीचा बाक जरासा सरळ होतो.

"करता तरी काय तुम्ही त्याला?" कुणी विचारलंच तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "काय न्हाई. दसऱ्याला ऑइल."

ही रीत त्यांच्या वडिलांची. वडिलांच्या काळी विहिरीवर ऑइल इंजिन होतं. खंडेनवमीला अवजारं पुजायची, तर आदल्या सांजेला इंजिनातलं जुनं काळं तेल सोडायचं, नवं भरायचं, आणि मग सकाळी हळदकुंकू लावायचं. वडील म्हणायचे, "यंत्रालाबी वरसातून एकदा न्हाऊ घालावं. देव जेवायच्या आधी आंघोळ करतोय, मग इंजनानं का करू नये?" शेषेरावांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा हीच रीत पुढं चालू ठेवली. एक गोष्ट तेवढी त्यांनी आपल्या मनानं वाढवली. ऑइल बदललं की ट्रॅक्टर त्या वर्षात किती तास चालला तो आकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं लिहून ठेवायचा. बावीस वर्षांचे बावीस आकडे, एकाखाली एक, शाळेतल्या पाढ्यासारखे.

पाच वर्षांपूर्वी घरात गाडी आली. पांढरी, पेट्रोलवर चालणारी. मुलगा दयानंद साखर कारखान्यात नोकरीला, तिकडंच क्वार्टरमध्ये राहायचा, रविवारी कधी यायचा, कधी नाही. गाडी खरी घेतली होती ती सुनेसाठी. वर्षाराणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आणि शाळा बावीस किलोमीटरवर. जीपमध्ये माणसं कोंबून भरायची, कधी मिळायची, कधी नाही. तिनं मुखेडला जाऊन महिनाभर गाडी शिकली आणि एक दिवस स्वतःच चालवत गावात आली. पारावरची माणसं उठून उभी राहिली. मान द्यायला म्हणून नव्हे, भिऊन.

शेषेरावांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यांनी फक्त ट्रॅक्टरच्या शेडमध्ये गाडीपुरती जागा केली.

पहिल्या वर्षी गाडीची देखभाल नांदेडला कंपनीच्या शोरूममध्ये झाली, कारण ती फुकट होती. दुसऱ्या वर्षी शेषेराव म्हणाले, "कशाला नांदेडची खेप? घरी मी हाय की." दसऱ्याला ट्रॅक्टरशेजारी गाडीलाही झेंडूचा हार पडला, चारी चाकांखाली लिंबं फुटली, आणि ट्रॅक्टरच्याच वीस लिटरच्या डब्यातून गाडीला ऑइल मिळालं. बॉनेटच्या आत पांढऱ्या रंगानं किलोमीटरचे दोन आकडे पडले, एक गेल्या वर्षीचा शोरूमच्या वेळचा आणि एक हा. वर्षाराणी हार घातलेल्या गाडीचा फोटो काढून शाळेतल्या बायकांना दाखवायची. "आमच्या मामांनी सोताच्या हातानं केलंय सगळं," असं सासऱ्यांविषयी सांगायची. हे शेषेरावांच्या कानावर आलं होतं. त्या वर्षी त्यांनी गाडीचा हार ट्रॅक्टरपेक्षा चार बोटं मोठा केला.

मग दोन वर्षांपूर्वी नात शिवांगी दहावी झाली आणि अकरावीला लातूरला गेली. आपल्याकडं पोरगं हुशार निघालं की ते लातूरला जातंच. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री अभ्यासिका. मेसचं जेवण तिला मानवेना. तेव्हापासून दर रविवारी वर्षाराणी पहाटे उठून धपाटे, शेंगाची चटणी, ज्वारीच्या भाकरी, कधी दहीधपाट्याचा डबा घेऊन जांब, शिरूर ताजबंद, चाकूर करत लातूर गाठायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायची. पोरीच्या केसांना तेल लावायची, कपडे धुवायची, तासभर शेजारी बसायची. जाऊन येऊन पावणेदोनशे किलोमीटर. गाडी होती म्हणून हे जमायचं. एसटीनं गेलं तर अर्धा दिवस स्टँडवरच जायचा.

गेल्या मार्गशीर्षात, थंडी पडायला लागली तेव्हा, वर्षाराणी एकदा गाडी सुरू करता करता थांबली.

"मामा, हा आवाज ऐका बरं. साखळी ओढल्यागत व्हायलंय. खळखळ खळखळ. थोड्या येळानं जातोय."

शेषेराव शेडच्या दारात तांब्या घेऊन उभे होते. त्यांनी कान दिला. आवाज होता खरा. पण मिनिटभरात गेला.

"थंडी हाय," ते म्हणाले. "थंडीत माणूसबी खोकलतंय सकाळचं. गाडी खोकलली तर काय?"

वर्षाराणी हसली आणि गेली. पुन्हा एकदा, पंधरा दिवसांनी, तिनं विचारलं. शेषेरावांनी पुन्हा तेच सांगितलं. ट्रॅक्टर थंडीत कसा बोलतो ते त्यांना चांगलं माहीत होतं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी लातूरहून परत येताना, चाकूरच्या अलीकडं, गाडीतून एकदम लोखंडाचा डबा आपटल्यासारखा आवाज आला आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली तर नुसतीच फिरायची, पेट घ्यायची नाही. वर्षाराणी दोन तास रस्त्याच्या कडेला उभी राहिली. शेवटी एका पिकअपवाल्यानं गाडी टोचन करून मुखेडला दस्तगीर मिस्त्रीच्या ग्यारेजला आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषेराव दळण घेऊन पारावरून चालले होते. पारावर मलप्पा होताच. मलप्पा त्यांच्या वयाचा, लहानपणचा सोबती. शेताला कमी आणि पाराला जास्त वेळ देणारा.

"काय गा शेषेराव, सूनबाईनं गाडी बसवली म्हणं?"

"बंद पडली," शेषेराव म्हणाले.

"बंद पडली म्हंजे? इंजनच खोलावं लागतंय म्हणून दस्तगीर सांगायला काल. तुमचा ट्रॅक्टर बावीस वरसं न्हाई खोलला, आणि ही पाच वरसांत?"

पारावर चौघं-पाचजण होते. सगळे शेषेरावांच्या तोंडाकडं बघायला लागले. बावीस वर्षं सांगितलेली गोष्ट आता त्यांच्याकडंच उत्तर मागत होती. शेषेरावांना काही सुचेना, आणि न सुचता तोंडातून निघालं, "बाईच्या हातात दिल्यावर काय व्हायचं ते झालं."

माणसं हसली. मलप्पानं मांडीवर थाप मारली. शेषेराव दळण घेऊन पुढं निघाले, पण आपण काय बोललो ते त्यांना गिरणीपाशी जाईपर्यंत समजलं नाही.

गावात माणूस घरी पोचायच्या आधी त्याचा शब्द पोचतो. ते परतले तेव्हा बायको, सिंधुबाई, चुलीपुढं तोंड फिरवून बसली होती. देवघराच्या चौकटीला एक खिळा होता, त्याला गाडीची किल्ली लटकवलेली होती.

"ही हितं कुणी ठिवली?" शेषेरावांनी विचारलं.

"जिची होती तिनं," सिंधुबाई म्हणाली. "पारावर भाषण केलंव म्हणं. आता तुमीच चालवा. लातूरला धपाटेबी तुमीच न्या."

वर्षाराणीनं चहा दिला, जेवण वाढलं, "मामा, भाकरी घ्या," म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर शेषेरावांना बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवसापासून ती जीपनं शाळेला जायला लागली.

दोन दिवसांनी शेषेराव मुखेडला दस्तगीरकडं गेले. दस्तगीर पन्नाशीचा, बापाच्या हाताखाली शिकलेला मिस्त्री. त्याच्या बापानंच शेषेरावांचा ट्रॅक्टर घेताना तपासून दिला होता. ग्यारेजात गाडी तोंड उघडून उभी होती.

"या मालक, बसा. चहा सांगतो."

"चहा ऱ्हाऊ दे. काय झालंय ते सांग."

दस्तगीरची एक पद्धत होती. तो काही सांगण्याआधी मोडलेले भाग एका पत्र्याच्या ताटात मांडायचा आणि ते ताट मालकाच्या मांडीवर ठेवायचा. तसंच त्यानं केलं. ताटात एक काळी, तेलकट साखळी होती. सायकलच्या साखळीपेक्षा बारीक, ढिली पडून लोंबलेली.

शेषेरावांनी ती बोटांनी उचलून बघितली.

"ही कशाची?"

"इंजनाची. टायमिंग चेन."

"इंजनात साखळी?"

"हाव."

"सायकलीला साखळी आसती. मोटरसायकलीला आसती. इंजनात कशाला साखळी?"

दस्तगीर उकिडवा बसला आणि त्यानं दोन हातांच्या मुठी वरखाली फिरवून दाखवल्या. "ह्ये खालचं फिरतंय, ह्ये वरचं. दोघांनी एका तालात फिराय पायजे. हा खाली गेला की त्यो बंद, हा वर आला की त्यो उघडा. त्यो ताल साखळी धरती. साखळी ढिली झाली, दाते सोडून उडाली. ताल चुकला. मग खालचा वरच्यावर आदळला. वॉल्व समदे वाकडे."

"आणि साखळी ढिली का झाली?"

"तिला ताणून धराय एक टेन्शनर आसतोय. त्यो तेलाच्या दाबावर चालतोय." दस्तगीरनं ताटातली एक बोटभर लांबीची नळकांडी उचलून शेषेरावांच्या हातात दिली. "दाबून बघा."

शेषेरावांनी दाबली. ती आत गेली आणि आतच राहिली. भोकात काळा, काकवीसारखा चिकट थर बसलेला होता.

"ह्ये काय?"

"बघा तुमीच," दस्तगीर म्हणाला, आणि हात पुसत दुसऱ्या गाडीकडं वळला.

"लोकं म्हणतेत, पोरीनं रेस देऊन चालवली म्हणून झालं."

दस्तगीर वळला नाही. "लोकं म्हणतेत लई काय काय. पुर्जा तुमच्या हातात हाय मालक."

शेषेरावांना त्यातून काही उलगडलं नाही. ताल, दाब, साखळी. ट्रॅक्टरात असलं काही नव्हतं, निदान त्यांना माहीत असलेल्या ट्रॅक्टरात नव्हतं. त्यांना वाटलं, दस्तगीर काहीतरी लपवतोय. कदाचित साखळीच मुळात खराब असेल, कंपनीची चूक. तसं असेल तर फार बरं. सुनेची नाही, कुणाचीच नाही, कंपनीची. त्यांनी साखळी फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं नांदेड गाठलं.

शोरूममध्ये फरशी इतकी चकचकीत होती, की त्यांनी दारातच चपला काढल्या. काचेच्या टेबलामागं एक मुलगी होती. शेषेरावांनी फडकं उघडून साखळी टेबलावर ठेवली. मुलीनं पटकन आपले कागद बाजूला ओढले.

"काका, ही काय आहे?"

"इंजनातली साखळी. सत्तर हजार किलोमीटरलाच ढिली पडली. म्हणून इचाराय आलाव."

मुलीनं गाडीचा नंबर विचारला, कीबोर्डवर टाईप केलं, पडद्याकडं बघितलं. "काका, सर्व्हिस कुठं करता?"

"घरी. दरसाल दसऱ्याला."

"म्हणजे कुठल्या सेंटरला?"

"दसऱ्याला. घरी. मी सोता."

मुलीनं पडदा पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बघितला. "काका, इथं पहिल्या वर्षाच्या नोंदी आहेत. त्यानंतर चार वर्षं काहीच नाही."

"काहीच न्हाई कसं? चार वरसांत चारदा केलंय. बॉनेटला लिहून ठेवलंय."

"इथं नाही ना ते काका." ती मऊ आवाजात म्हणाली. "वॉरंटीपण संपलेली आहे. आणि तसं बघितलं तर ही चेन लाइफटाइम असते. खराब होत नाही शक्यतो."

"लाइफटाइम म्हंजे?"

"म्हणजे गाडी असेपर्यंत."

शेषेरावांनी यावर बराच विचार केला. गाडी असेपर्यंत साखळी असते. साखळी गेली. मग गाडी आहे, की नाही? ते विचारणार होते, पण मागं एक सुटाबुटातला माणूस उभा होता. त्यांनी साखळी पुन्हा गुंडाळली, मुलीला नमस्कार केला आणि दारातून चपला उचलल्या.

परतीच्या एसटीत शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं पिशवीत डोकावून विचारलं, "बैलाची व्हय?"

"इंजनाची," शेषेराव म्हणाले.

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं दयेनं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही.

फेब्रुवारी उजाडला. दयानंदनं फोनवर दस्तगीरला काम करायला सांगितलं, नवे भाग मागवले. खर्च बराच होता, पण त्यानं बापाला एका शब्दानं विचारलं नाही. इकडं दोन रविवार डबा लातूरला गेलाच नाही. तिसऱ्या रविवारी वर्षाराणी एसटीनं निघाली. शिरूर ताजबंदला गाडी चुकली, दोन तास उन्हात बसली. पोचली तेव्हा दही फुटलेलं होतं, आणि पोरीजवळ वीस मिनिटं बसून लगेच परतीची गाडी धरावी लागली. तिन्हीसांजेला घरी आली तेव्हा पाय सुजलेले.

त्याच आठवड्यात शिवांगीचा फोन आला. वर्षाराणी भाकरी थापत होती, म्हणून फोन स्पीकरवर होता. शेषेराव ओसरीवर होते.

"आई, बारावीचा पहिला पेपर मंगळवारी हाय. त्याच्या आदल्या आयतवारी येशील ना?"

"बघू बाळा. एसटीनं जमलं तर."

"गाडी नीट व्हायली म्हणले ना पप्पा? गाडीनं ये की."

"मी आता गाडी चालवत न्हाई गं."

"का?"

भाकरी तव्यावर टाकल्याचा आवाज तेवढा आला. मग ती म्हणाली, "असंच. तुझा अभ्यास कसा चाललाय?"

शेषेराव ओसरीवरून उठले, शेडमध्ये गेले आणि ट्रॅक्टरजवळ बसून राहिले. कशाला आलो तेही त्यांना कळेना. करायला काही नव्हतं म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं. बावीस आकडे. चारशे तास, कधी सव्वाचारशे, पावसाचं एक वर्ष साडेतीनशे. सगळे एका मापाचे. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचंच वाईट वाटलं.

शुक्रवारी ते पुन्हा दस्तगीरकडं गेले. गाडी जोडून झाली होती. दस्तगीर वरचं झाकण आवळत होता. बॉनेट काठीवर उभं होतं, आणि त्याच्या आतल्या बाजूला शेषेरावांचं स्वतःचं अक्षर. त्या आकड्यांकडं त्यांनी आजवर लिहिताना बघितलं होतं. वाचताना कधी बघितलं नव्हतं.

दहा हजार दोनशे. वीस हजार सहाशे. तीस हजार नऊशे.

चव्वेचाळीस हजार पाचशे.

पासष्ट हजार तीनशे.

त्यांनी बोट लावून पुन्हा वाचलं. वरचे तीन ट्रॅक्टरच्या आकड्यांसारखेच, दहा-दहाची पायरी. मग चौदा. मग एकदम एकवीस. मधे काय झालं? मधे शिवांगी लातूरला गेली होती. दर रविवारी पावणेदोनशे. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. रोज डोळ्यासमोर होतं. पण दसरा तर आपल्याच वेळेला आला होता. दसरा कुठं लवकर येतो?

"दस्तगीरभाई, ह्या गाडीला ऑइल किती किलोमीटरला बदलायचं आसतंय?"

दस्तगीरचा हातातला पाना थांबला. "दहा हजार. आपल्या धुळीत आठच धरा."

"आणि ट्रॅक्टरचं ऑइल चालतंय हिला?"

"डिझेलचं जाड आसतंय मालक. हिच्या नळ्या बारीक." तो उठून उभा राहिला. "जाड तेल, आणि तेबी जळून घट झालेलं. सकाळी थंडीत ते वर चढत नव्हतं. तवर साखळी ढिलीच. खळखळ वाजत आसंल म्हैना-दोन म्हैने."

"वाजत होती," शेषेराव म्हणाले. "मग तू पहिल्याच दिवशी का न्हाई सांगितलास मला?"

दस्तगीरनं खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं. "अब्बा म्हणायचे, मिस्त्रीनं पुर्जा दाखवावा, माणूस दाखवू नये. पुर्जा तर मी तुमच्या हातात दिला होता."

"पण ट्रॅक्टर बावीस वरसं..."

"ट्रॅक्टर वरसाला चारशे तास चालतोय. त्याला दसरा पुरतोय. आणि त्याच्यात साखळीच न्हाई, दातेरी चाकं हायेत, दाताला दात." दस्तगीर हसला. "तुमची रीत खोटी न्हाई मालक. पर ह्या गाडीचा दसरा सहा म्हैन्याला यायलाय."

शेषेराव घरी आले ते डोक्यात गोंधळ घेऊनच. वडील चुकले होते? नाही, वडिलांचं इंजिन चाललं. मग आपण चुकलो? पण आपण तर तेच केलं. सारखंच केलेलं एका जागी बरोबर आणि दुसऱ्या जागी चूक कसं असतं? या वयात हे आता कुणाला विचारणार? एक गोष्ट तेवढी त्या गोंधळातही स्वच्छ होती. ज्या हातानं इंजिन गेलं तो हात सुनेचा नव्हता.

संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "वर्षा, उद्या सकाळची शाळा हाय ना? सुटली की मुखेडला ग्यारेजात ये."

"ह्यांना सांगा मामा. आयतवारी आले तर ते आणतील गाडी."

"त्यो कशाला? तू ये. एक दाखवायचंय."

शनिवारी दुपारी ती आली. पायावर धूळ, खांद्याला पर्स. शेषेरावांनी बॉनेट उचललं. काठी लावली.

"हे बघ. हे माझं अक्षर."

वर्षाराणीनं आकडे वाचले. ती गणित शिकवायची. तिला बोट लावावं लागलं नाही.

"तू काय केली न्हाईस," शेषेराव बॉनेटकडं बघतच म्हणाले. "ऑइल मी चुकवलो. आणि चुकीचं घातलो."

"मामा, मी दोनदा म्हणले होते. आवाज येतोय म्हणून."

"हाव. म्हणली होतीस."

"तुमी म्हणलाव, थंडीत माणूसबी खोकलतंय."

"म्हणलो होतो."

पलीकडं दस्तगीर उगाचच एक नट शोधत होता.

"मला इंजनाचं काय वाटलं न्हाई," ती शेवटी म्हणाली. "पारावरचं वाटलं."

शेषेरावांनी खिशातून देवघरातली किल्ली काढून बॉनेटच्या कडेवर ठेवली, तिच्या हातात द्यायची हिंमत झाली नाही. ती किल्ली तिनं बऱ्याच वेळानं उचलली.

"घरापातूर चालवते," ती म्हणाली. "उद्याचं उद्या बघू."

रविवारी सकाळी धपाटे झाले, चटणी झाली, दही घट्ट झाकणाच्या डब्यात भरलं. वर्षाराणी गाडी काढायची, की नाही काढायची या विचारात शेडपुढं उभी होती. शेषेराव धुवट धोतर नेसून, टोपी घालून बाहेर आले आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. लातूरला ते आजवर तिच्यासोबत कधी गेले नव्हते.

"पारावर थांबव," ते म्हणाले.

गाडी पारापुढं थांबली. मलप्पा होताच, आणखी तिघं-चौघं होते.

"काय गा शेषेराव! झाली का नीट? आन् आजून सूनबाईच चालवायली व्हय?"

शेषेराव खाली उतरले. मांडवाच्या कडेला बसणारा माणूस पाराच्या मधोमध उभा राहिला.

"मलप्पा, म्या त्या दिवशी खोटं बोललो. गाडी पोरीनं न्हाई बिघडवली. इंजन म्या खाल्लं. ऑइल येळेवर बदललं न्हाई, आणि ट्रॅक्टरचं घातलं."

मलप्पानं सगळ्यांकडं बघत डोळा घातला.

"हाव हाव. कळतंय बाबा आम्हाला. सुनेवर येऊ नये म्हणून सोताच्या अंगावर घ्यायलाव. ज्याचा ट्रॅक्टर बावीस वरसं न्हाई खोलला, त्यो ऑइल चुकवंल व्हय? पर सासरा आसावा तर असा!"

"खरंच गा," दुसरा म्हणाला. "मोठं मन लागतंय."

हे असं होईल असं शेषेरावांच्या ध्यानीमनी नव्हतं. "आरं न्हाई, खरं सांगायलाव," ते म्हणाले. मग गाडीपुढं गेले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. "हे बघा. आकडे बघा."

मलप्पा उठून आला, डोळे बारीक करून वाचायला लागला. "हे काय? मटका लावायलाव का काय म्हातारपणी?"

सगळे खदखदून हसले. शेषेराव दहा, दहा, दहा, चौदा, एकवीस असं समजावून सांगायला लागले, शिवांगीचं लातूर, दसऱ्याचं येणं, साखळीचा ताल. पण आपल्यालाच नीट न कळलेलं दुसऱ्याला सांगणं अवघड. माणसं माना डोलवत होती, आणि शेषेराव जितकं जास्त आपल्यावर घेत होते तितके ते त्यांना मोठे वाटत होते.

गाडीचा हॉर्न वाजला.

"मामा, बसा," वर्षाराणीनं खिडकीतून डोकं काढलं. "दही आंबंल. पोरगी वाट बघायली."

ते बसले. गाडी जांबच्या रस्त्याला लागली. शेषेराव इंजिनाच्या आवाजाला कान लावून बसले होते. खळखळ नव्हती. तरी त्यांना खात्री वाटत नव्हती.

"त्यांना पटलंच न्हाई," ते म्हणाले.

"त्यांना कुठं गाडी चालवायचीय?" वर्षाराणीनं गिअर बदलला. पुढं उसाची ट्रॉली होती, ती तिनं सफाईनं मागं टाकली. शेषेरावांनी दाराची मूठ धरली.

"किलोमीटर किती झाले आता?" त्यांनी विचारलं.

"एकाहत्तर हजार शंभर."

"आठ हजारानं म्हंजे एकोणऐंशी. कवा व्हतील?"

"आपल्या चालण्यानं पाच म्हैन्यात."

शेषेरावांनी बोटांवर मोजलं. फाल्गुन, चैत्र, वैशाख, जेठ, आखाड. आखाडात दसरा. त्यांनी पुन्हा मोजलं, तरी आखाडच आला.

"आखाडात झेंडू मिळायचा न्हाई," ते काळजीनं म्हणाले.

"मग बिनहाराचं करू मामा," वर्षाराणी म्हणाली. "पर ऑइलचा डबा मी आणणार. तुमी निस्तं लिवायचं."